हट्टी म्हणून सोडून दिलेला प्रश्न

माझा भाचा चार वर्षांचा असताना ताईबरोबर मीही त्याच्या बौद्धिक चाचणीला गेले होते. भाच्याला डाऊन सिंड्रोम आहे. टेबलावर एक लाकडी पाटी होती, पाटीला सहा भोकं आणि शेजारी सहा खुंट्या. एकेक खुंटी भोकात बसवायची, एवढंच काम. त्याने पहिली बसवली, दुसरी बसवली आणि हात थांबला. समोरच्या बाईंकडे बघून तो गोड हसला, स्वतःच टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्या चष्म्याकडे हात नेला. त्याही हसल्या. त्यांनी तिसरी खुंटी पुन्हा पुढे केली, तेव्हा त्याने ती टेबलाखाली टाकली आणि वाकून ती कुठे गेली ते बघत बसला. त्यानंतर त्याने ताईच्या कुशीत तोंड लपवलं ते लपवलंच. अहवालात दोन वाक्यं आली : ‘सहकार्य कमी. लक्ष अल्पकाळ टिकते.’ निघताना तोंडी आणखी एक मिळालं : "ही मुलं जरा हट्टीच असतात, पण प्रेमळ असतात हो."

घरी हाच मुलगा बाटल्यांची झाकणं एकामागून एक लावत अर्धा तास बसायचा.

एखादं मूल हट्टी आहे असं एकदा म्हटलं की पुढचं काही विचारायची गरज उरत नाही. नकार कशाला आहे? काम सोपं असतं तेव्हा, की अवघड असतं तेव्हा? ते दमलेलं आहे का, त्याला नीट ऐकू आलं का, रात्री झोप लागली होती का? ‘प्रेमळ’ हा शब्दही तसाच. तो कौतुकाचा असतो, पण त्यानेही चौकशी तिथेच थांबते. माझं म्हणणं असं आहे की डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मेंदूच्या विकासावर आणि वागण्यावर आज होतं त्याच्या कितीतरी पट संशोधन व्हायला हवं, आणि त्याचं तोंडही दुसरीकडे वळायला हवं. ही मुलं सरासरीच्या किती मागे आहेत हे मोजण्यात पिढ्या गेल्या. ती शिकतात कशी, अडतात कशाने, आणि त्या अडथळ्यांपैकी कोणते आज, ती लहान असतानाच दूर करता येतील, हे शोधणं जास्त निकडीचं आहे. त्यासाठी पैसा लागेल, माणसं लागतील, आणि हा विषय फक्त ‘त्या’ आईबापांचा नाही हे बाकीच्यांनी मान्य करावं लागेल.

या स्थितीच्या इतिहासातच नाव देऊन मोकळं होण्याची सवय दिसते. जॉन लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ मध्ये या मुलांचं वर्णन केलं, तेव्हा चेहऱ्यावरून त्यांना ‘मंगोल’ या मानववंशाचं नाव चिकटवलं. ते जवळजवळ शंभर वर्षं वैद्यकाच्या पुस्तकांत राहिलं. मंगोलियाच्या प्रतिनिधींनी विनंती केली, तेव्हा कुठे १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते सोडलं. खरं कारण सापडलं ते १९५९ मध्ये, पॅरिसला : एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती. शोधनिबंधावर पहिलं नाव जेरोम लेज्यून यांचं होतं. पेशी वाढवून ते जादा गुणसूत्र प्रत्यक्ष दिसेल असं प्रयोगशाळेतलं काम मार्थ गोतिए यांनी केलं होतं, आणि त्याचं श्रेय पदरात पडायला त्यांना अर्धशतक वाट बघावी लागली. पुढे २००० मध्ये एकविसाव्या गुणसूत्राचा संपूर्ण क्रम वाचून झाला आणि त्यावर २२५ जनुकं मोजली गेली. सुमारे सातशे ते आठशे जन्मांमागे एक बाळ या तिसऱ्या प्रतीसह जन्माला येतं.

म्हणजे कारण माहीत होऊन साठ वर्षं उलटली. पण तीन प्रती हे उत्तर नव्हे. खरा प्रश्न तिथून सुरू होतो. त्या जादा प्रतीपासून तिसऱ्या खुंटीपाशी थांबलेल्या हातापर्यंत फार लांबचा रस्ता आहे, आणि तो रस्ता म्हणजे मेंदूची वाढ.

त्या वाढीबद्दल ठोस असं बरंच हाती आलेलं आहे. गर्भ पोटात असतानाच, दुसऱ्या तिमाहीपासून, मेंदूची वाढ थोडी कमी असल्याचं स्कॅनमध्ये दिसतं. चेतापेशी तयार होण्याचा वेगच कमी असतो, त्यामुळे त्यांची संख्याही कमी राहते. संपूर्ण मेंदू जेवढा लहान असतो त्याहून जास्त प्रमाणात तोल आणि हालचाल सांभाळणारा अनुमस्तिष्क लहान असतो. नव्या आठवणी साठवण्यात ज्याचा मोठा वाटा असतो तो हिप्पोकॅम्पस लहान असतो. चेतातंतूंवर मायलिनचं, म्हणजे संदेश वेगाने जाऊ देणारं, वेष्टण चढायला उशीर लागतो. ही सगळी निरीक्षणं म्हणजे गटांच्या सरासऱ्या आहेत. एका मुलाच्या स्कॅनकडे बघून ते मूल पुढे वाचेल की नाही, बोलेल की नाही, हे कोणी सांगू लागलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. याच निदानाची दोन मुलं एकमेकांपासून जितकी वेगळी असतात, तितकी वेगळी मुलं एखाद्या साध्या वर्गातसुद्धा क्वचित सापडतील.

ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ या विकासाच्या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर एक मुद्दा लावून धरला : जनुकातला फरक आणि मोठेपणीचं वागणं यांच्यात सरळ रेघ ओढू नका, मधला विकास बघा. २०१६ मध्ये त्या गेल्या. शेवटच्या काळात लंडनमध्ये त्या डाऊन सिंड्रोम असलेल्या तान्ह्या बाळांवरच काम करत होत्या. त्यांचा मुद्दा मला चालण्याच्या उदाहरणावरून नीट समजला. या बाळांचे स्नायू सैल असतात, त्यामुळे बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आसपास चालू लागतात. उशिरा चालणं म्हणजे फक्त उशिरा चालणं नसतं. चालणारं मूल वस्तूकडे जातं, ती उचलून आणून दाखवतं, ‘हे काय?’ अशा नजरेने बघतं आणि मोठी माणसं तिचं नाव सांगतात. न चालणाऱ्या मुलाच्या वाट्याला हे संवाद कमी येतात. पायांतला उशीर असा जिभेपर्यंत पोचतो. आणि म्हणूनच पायांवर केलेल्या कामाचा फायदा पायांपुरता राहत नाही. अमेरिकेत डेल उलरिच यांनी २००१ मध्ये तीस बाळांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. नेहमीच्या फिजिओथेरपीच्या जोडीला निम्म्या बाळांना आईवडिलांनी घरातच, आठवड्यातून पाच दिवस, रोज आठ मिनिटं, एका छोट्या ट्रेडमिलवर हातांनी धरून पावलं टाकायला लावली. ती बाळं दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १०१ दिवस आधी स्वतंत्रपणे चालू लागली. बाळाच्या आयुष्यात शंभर दिवस फार मोठे असतात. याला कोणतंही नवं औषध लागलं नाही. लागली ती एक नेमकी कल्पना आणि ती नीट तपासून बघण्याची तयारी.

आता त्या बुद्ध्यांकाकडे येते, कारण आईबापांना सर्वांत जास्त जखम तिथे होते. वयाच्या पहिल्या काही वर्षांत या मुलांचा बुद्ध्यांक हळूहळू खाली येतो, असं पुस्तकं सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, मूल शिकलेलं विसरतंय. तसं नसतं. बुद्ध्यांक म्हणजे त्याच वयाच्या इतर मुलांशी केलेली तुलना. समजण्यापुरतं जुन्या पद्धतीने गणित करू : मूल ज्या वयाची कामं करतं ते वय भागिले त्याचं खरं वय, गुणिले शंभर. चार वर्षांचं मूल अडीच वर्षांच्या मुलाएवढी कामं करत असेल तर आकडा येतो सुमारे ६२. तेच मूल आठ वर्षांचं झालं आणि चार वर्षांच्या मुलाएवढं करू लागलं, तर आकडा ५०. मधल्या चार वर्षांत ते एकदाही मागे गेलं नाही. नवे शब्द शिकलं, बटण लावायला शिकलं, पायऱ्या उतरायला शिकलं. आकडा मात्र सुमारे १२ ने उतरला, आणि फाइलमध्ये ‘घसरण’ असा शब्द पडला. मुलाची तुलना मुलाच्या कालच्या अवस्थेशी करणारी मापनपद्धती याच कारणासाठी हवी. ती बनवायला वेळ लागतो, तीच मुलं वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा बघावी लागतात, आणि दोन-तीन वर्षांच्या अनुदानात असं काम बसत नाही. म्हणून ते कमी होतं. ही अडचण व्यवस्थेची आहे आणि ती सोडवता येण्यासारखी आहे.

नकाराबद्दल सर्वांत डोळे उघडणारं काम मला जेनिफर विशार्ट यांचं वाटतं. स्कॉटलंडमध्ये त्यांनी लहान मुलांना एकच चाचणी थोड्या दिवसांच्या अंतराने दोनदा दिली. एकूण गुण दोन्ही वेळा साधारण सारखे आले. पण आत बघितलं तर पहिल्या दिवशी जमलेल्या गोष्टी दुसऱ्या दिवशी जमल्या नव्हत्या, आणि पहिल्या दिवशी न जमलेल्या दुसऱ्या दिवशी जमल्या होत्या. मुलं कितीतरी वेळा प्रयत्नच करत नव्हती, आणि ते फक्त अवघड कामांपाशी नव्हे, आवाक्यातल्या कामांपाशीही. ती टाळायचीही मोठ्या हुशारीने : हसून, टाळ्या वाजवून, समोरच्याला आपल्याकडे बघायला लावून. हे वाचलं तेव्हा माझ्यासमोर भाचा आणि तो चष्म्याकडे गेलेला हात उभा राहिला. ज्याला आपण प्रेमळपणा म्हणत होतो तो त्या क्षणी सुटकेचा मार्ग होता. माणसं वाचण्याची या मुलांची ताकद खरोखरच चांगली असते. अपयश समोर दिसलं की ती तीच ताकद वापरतात. आणि आपण हसून त्यांना सोडून देतो. असं रोज दहा वेळा, दहा वर्षं झालं, तर सरावाच्या किती संधी गेल्या याचा हिशोब करून बघा. हा हट्ट गुणसूत्रातून आला, असं म्हणून चालणार नाही. मूल, काम आणि समोरचा मोठा माणूस या तिघांत तो घडत असतो. घडणाऱ्या गोष्टीचा अभ्यास करता येतो आणि ती बदलताही येते.

त्या चाचणीनंतर साधारण महिन्याने ताईने भाच्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही पडद्यांमागे घट्ट पाणी साचलेलं होतं. या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, त्यामुळे हे फार सर्रास होतं. आणि ते कमी-जास्त होत राहतं, हीच त्यातली मेख आहे. आज मूल हाकेला ओ देतं, चार दिवसांनी देत नाही, पुन्हा आठवड्याने देतं. घरातल्या माणसांचा समज काय होतो? ‘याला सगळं ऐकू येतं, मुद्दाम करतो.’ आम्हीही तेच म्हणत होतो. खुंट्यांच्या त्या चाचणीत बाईंनी दिलेली सूचना त्याला कितपत ऐकू आली होती, हे आता कळायला मार्ग नाही. पण अहवालात ‘सहकार्य कमी’ लिहिण्याआधी कान तपासले आहेत का, हे कोणीच विचारलं नव्हतं. आम्हालाही ते सुचलं नव्हतं.

झोपेचंही तेच. भाचा रात्री मांडी घालून बसायचा आणि पुढे वाकून, कपाळ पावलांवर टेकवून झोपायचा. ताईने त्याचा फोटो पाठवला तेव्हा आम्ही सगळ्यांनी किती लवचीक आहे म्हणून कौतुक केलं. झोपेत श्वास अडकणारी मुलं श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून अशी झोपतात, हे कळायला दोन वर्षं गेली. डाऊन सिंड्रोम असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना हा त्रास असतो. घोरण्यावरून आईवडिलांनी बांधलेला अंदाज बऱ्याचदा चुकतो. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने लक्षणं असोत वा नसोत, अशा प्रत्येक मुलाची वयाच्या चार वर्षांच्या आत झोपेची तपासणी करावी असं सुचवलं आहे. ॲरिझोनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये शाळकरी वयाच्या ३८ मुलांचा अभ्यास मांडला. त्यात ज्यांचा श्वास झोपेत अडकत होता त्यांचा भाषिक बुद्ध्यांक न अडकणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ गुणांनी कमी होता. अभ्यास लहान आहे, आणि त्यावरून झोप सुधारली की ९ गुण परत मिळतील असं म्हणता येत नाही. तरी या मुलांच्या बाबतीत ‘हे मेंदूचंच आहे’ म्हणून जे खात्यावर टाकलं जातं, त्यातला काही भाग घशातल्या वाढलेल्या टॉन्सिलचा असू शकतो, एवढी शंका घ्यायला तो पुरेसा आहे.

त्याच संशोधकांनी पुढे केलेलं एक काम मला फारच विचार करायला लावणारं वाटलं. लहान मुलं नवे शब्द शिकल्यावर थोडा वेळ झोपली तर ते शब्द त्यांच्या जास्त लक्षात राहतात, हे साधारण मुलांबाबत दिसलं होतं. डाऊन सिंड्रोम असलेल्या लहान मुलांना त्यांच्या घरीच शब्द शिकवून हेच तपासलं, तर उलटं निघालं : डुलकीनंतर त्यांना कमी आठवलं, जागी राहिली तेव्हा जास्त. चोवीस तासांनंतरही तो फरक टिकून होता. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे ‘सगळ्या मुलांना जे लागू पडतं ते थोडं सावकाश यांनाही लागू पडेल’ हे गृहीतच कच्चं आहे. दुपारच्या झोपेआधी शिकवावं की नंतर, इतका साधा प्रश्न. त्याचं उत्तर अंदाजाने देऊन चालत नाही.

इथे कोणी म्हणेल, एवढं घरगुती संशोधन करत बसण्यापेक्षा मुळावरच घाव घाला, औषध शोधा. त्या आशेने खरोखरच मोठे प्रयत्न झाले आहेत, आणि त्यांची टवाळी करण्यासारखं त्यात काही नाही. डाऊन सिंड्रोमशी मिळतीजुळती जनुकीय रचना असलेले उंदीर १९९० च्या सुमारास तयार झाले. त्या उंदरांच्या मेंदूत चेतापेशींना आवर घालणारे संदेश जास्त असतात, असं दिसलं. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी तो आवर औषधाने सैल केला, तर उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. त्याच कल्पनेवर रोश कंपनीने बास्मिसानिल नावाचं औषध माणसांवर तपासलं. २०१६ मध्ये ती चाचणी थांबली. बुद्धी किंवा रोजचं वागणं यांत औषधाचा फायदा दिसला नव्हता. बार्सिलोनात हिरव्या चहातल्या एका घटकाची जोड बौद्धिक प्रशिक्षणाला दिली, तेव्हा तरुणांमध्ये काही मोजपट्ट्यांवर थोडा फरक आढळला. हे शोध चालू राहिले पाहिजेत. पण उंदराचा मेंदू काही आठवड्यांत घडतो, आणि माणसाचं मूल वीस वर्षं घडत असतं, तेही कुटुंबात, भाषेत, शाळेत. औषध उद्या आलं तरी ते कोणत्या वयात द्यायचं, त्याबरोबर काय शिकवायचं, फरक पडला हे कशावरून ओळखायचं, याची उत्तरं विकासाच्या अभ्यासातूनच मिळणार. बिनभरवशाच्या चाचण्यांवर चांगलं औषधसुद्धा नापास होऊ शकतं. त्यामुळे पैशाची वाटणी करताना औषधांच्या रेणूंना सिंहाचा वाटा आणि मुलांच्या वागण्याला उरलंसुरलं, हे मला पटत नाही.

शिकवण्याने काय होतं याचं उदाहरण वाचनाचं आहे. कितीतरी वर्षं या मुलांना वाचायला शिकवतच नसत. बोलता येत नाही तर वाचणार काय, असा सरळ हिशोब होता. १९८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ इथे एका वडिलांनी लिहून कळवलं की त्यांची मुलगी तीन वर्षांची असल्यापासून चिठ्ठ्यांवरचे शब्द वाचते आहे आणि त्यामुळे तिचं बोलणंही सुधारलं आहे. ते पत्र मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांनी मनावर घेतलं आणि त्यातून अनेक वर्षांचं संशोधन उभं राहिलं. कारण नंतर उलगडत गेलं. या मुलांची ऐकलेलं क्षणभर मनात धरून ठेवण्याची क्षमता कमी असते, आणि ती फक्त कान बरे केल्याने भरून निघत नाही. बघितलेलं धरून ठेवणं मात्र तुलनेने चांगलं असतं. बोललेला शब्द हवेत विरतो, लिहिलेला समोर थांबतो. यॉर्कमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ५७ मुलांवर याची काटेकोर चाचणी घेतली. शाळेतल्याच साहाय्यकांना प्रशिक्षण दिलं आणि रोज ४० मिनिटं वाचन आणि भाषा शिकवली. वीस आठवड्यांनी ती मुलं शब्द वाचण्यात आणि अक्षरांचे उच्चार ओळखण्यात न शिकवलेल्या गटाच्या पुढे होती. शिकवलेले शब्द ती वापरू लागली. न शिकवलेल्या शब्दांपर्यंत तो फायदा फारसा पोचला नाही. असा अर्धामुर्धा, खरा निकाल मला जास्त उपयोगाचा वाटतो, कारण पुढचा प्रयोग काय हवा ते त्यातूनच कळतं. यातलं बहुतेक काम इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवर झालं आहे. ज्या लिपींत अक्षर आणि उच्चार यांचं नातं वेगळं आहे तिथे हे पुन्हा तपासायला हवं. घरात दोन भाषा असतील तर एक सोडा, असा सल्ला या आईबापांना आजही मिळतो. कॅनडातल्या अभ्यासात मात्र दोन भाषांत वाढणारी ही मुलं एका भाषेत वाढणाऱ्या तशाच मुलांपेक्षा मागे पडलेली दिसली नाहीत. एका सल्ल्यापायी किती मुलांची आजीशी बोलण्याची भाषा गेली असेल?

एक आक्षेप मी मनापासून मानते. काही पालक आणि डाऊन सिंड्रोम असलेली काही मोठी माणसं विचारतात : आम्हाला दुरुस्त का करायचंय? आम्ही आहोत तसे का चालत नाही? हा प्रश्न संशोधकांनी रोज सकाळी स्वतःला विचारावा असा आहे. पण कानातलं पाणी काढणं, झोपेतला श्वास मोकळा करणं, शिकवण्याची योग्य वेळ शोधणं, यांत कोणाला दुसरा माणूस बनवायचं नाही. मुलाला जे म्हणायचं आहे ते म्हणता यावं, एवढाच हेतू आहे. आणि ‘आहे तसं स्वीकारा’ या वाक्याचा दुसऱ्या बाजूनेही वापर होतो, त्याची मला भीती वाटते. सदैव आनंदी म्हणून ओळखली जाणारी ही मुलं किशोरवयात उदास होतात, गप्प होतात, आणि ‘डाऊनमुळे असेल’ म्हणून कोणी डॉक्टरकडे नेत नाही. स्वतःशी बोलणं हे त्यांच्यात सर्रास दिसतं, दिवसभराच्या गोष्टी लावून घेण्याची ती त्यांची रीत असते. ते बघून भलत्याच आजाराचं औषध सुरू होऊ शकतं. वागण्याचं ज्ञान नसलं की दोन्ही बाजूंनी चूक होते.

दुसरा आक्षेप कठोर आहे आणि तो बहुतेक वेळा दबक्या आवाजात येतो. २०११ पासून आईच्या रक्तावरून गर्भातल्या या स्थितीची शक्यता सांगणारी चाचणी मिळते. मग अशी मुलं कमीच होत जाणार, त्यांच्यावर एवढा खर्च कशाला? गर्भाबद्दलचा निर्णय हा त्या बाईचा आहे आणि त्यावर मी निवाडा द्यायला बसलेली नाही. पण तो निर्णय ती ज्या माहितीवर घेते ती कुठून येते? याच संशोधनातून. ते जुनं किंवा अर्धवट असेल तर तिच्या हातात जुनं, अर्धवट चित्र पडतं. अशा चित्राची किंमत काय असते ते १९८२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन शहरात दिसलं. डाऊन सिंड्रोम असलेल्या एका नवजात बाळाची अन्ननलिका जुळलेली नव्हती. शस्त्रक्रियेने ते दुरुस्त होण्यासारखं होतं. ते बाळ पुढे चांगलं आयुष्य जगू शकणार नाही असं सांगितलं गेलं, आईवडिलांनी शस्त्रक्रिया नाकारली, न्यायालयाने ती मुभा मान्य केली, आणि बाळ सहा दिवसांत गेलं. दोष अन्ननलिकेत होता, निकाल मेंदूबद्दलच्या समजुतीने लागला. अमेरिकेत त्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होतं. आज ते साठीला टेकलं आहे. गुणसूत्र तेच आहे. हृदयावरच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, मुलं संस्थांऐवजी घरी वाढू लागली, आणि ती जगण्यासारखी आहेत असं मानलं गेलं. जी मुलं आज आहेत आणि साठ वर्षं राहणार आहेत, त्यांच्या पहिल्या दहा वर्षांकडे दुर्लक्ष करायला कोणतंच कारण पुरेसं नाही. पुढे चाळिशीपर्यंत जवळजवळ सर्वांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा दिसू लागतात, कारण त्या आजाराशी जोडलेलं एक जनुक याच गुणसूत्रावर आहे. त्या माणसाची आठवण कधी ढासळू लागली हे ओळखायचं असेल, तर ती आधी कशी होती याची नोंद हवी. ती नोंद बालपणापासूनच ठेवावी लागते.

संशोधन कसं करावं याबद्दलही माझा आग्रह आहे. एमआरआयच्या बोगद्यात जी मुलं न हलता पडू शकतात त्यांचेच स्कॅन होतात. जी रडतात, उठून बसतात, ती अभ्यासातून गळतात, आणि मग निष्कर्ष शांत मुलांचा निघतो. ज्यांना स्वमग्नताही आहे, ज्यांना बोलता येत नाही, ज्यांच्या आईला दिवसाची मजुरी बुडवून यावं लागतं, ती मुलं मोजणीत यायलाच हवीत. डोक्यावर टोपी घालून मेंदूतले विद्युत्‌तरंग मोजणं, नजर कुठे जाते ते टिपणं, ही साधनं घरी नेता येतात. मग मुलालाच प्रयोगशाळेत का आणायचं? आईच्या वहीतल्या नोंदींना पुरावा म्हणून जागा मिळायला हवी. पोर्ट्समथचं सगळं काम एका बापाच्या पत्रापासून सुरू झालं होतं. आणि मुलाने नको म्हटलं तर थांबायचं. सही पालकांची असली तरी अंग, वेळ आणि मेंदू मुलाचा आहे. संशोधकाच्या तक्त्यात ज्याला ‘प्रतिसाद नाही’ म्हणतात तो पुष्कळदा चांगला स्पष्ट प्रतिसाद असतो.

कानात नळ्या बसवल्यावर आणि टॉन्सिल काढल्यावर काही महिन्यांनी भाच्याची पुन्हा चाचणी झाली. यावेळच्या बाई वेगळ्या होत्या. त्या टेबल सोडून त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. आधी त्यांनी ताईला विचारलं, रात्री झोप कशी झाली, सर्दी आहे का, कान कधी तपासले. मग प्रत्येक खुंटी कुठे बसवायची ते बोलून सांगण्याबरोबर बोटाने दाखवलं. त्याने चार खुंट्या बसवल्या. पाचवी हातात घेतली, बाईंकडे बघून हसला, आणि टाळ्या वाजवायला हात वर नेले. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. खुंटीकडे बोट दाखवून थांबल्या. बराच वेळ थांबल्या. त्याने पाचवी बसवली. सहावी मात्र त्याने त्यांच्या हातात परत दिली आणि पेटीचं झाकण स्वतः लावलं.

"बास?" बाईंनी विचारलं.

"बास," तो म्हणाला.

त्यांनी घड्याळात बघून वहीत लिहिलं : ‘११ वाजून २० मिनिटं. पाच खुंट्या, पाचवी थांबल्यावर. सहाव्या वेळी स्पष्ट शब्दात नकार. झोप सात तास, कान स्वच्छ.’ आणि पुढची तारीख घातली.